आमच्या घरी फ्रीज आहे

कुरवंडे, ता. मावळ
रविवार, दुपार

ती. लीलाआत्यास,
रुपालीचा जय भीम.

गुडघा कसा आहे ते आधी कळव. मागच्या वेळी पाठवलेलं तेल तू लावत नाहीस आणि शेजारणींना वाटून टाकतेस हे मला सत्यमदादाकडून कळलंय, तेव्हा ‘बरा आहे’ एवढंच सांगून सुटू नकोस. मामांची शुगर, सत्यमदादाचं नवं ऑफिस, तुमच्या गच्चीवरचा कढीपत्ता, सगळ्यांची खुशाली विचारते. इकडे आई बरी आहे, बाबा बरे आहेत, म्हैस व्याली, रेडी झाली. मी कशी आहे ते तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. मी ठणठणीत आहे आणि मला कसलाही पश्चात्ताप झालेला नाही.

हे सुरुवातीलाच लिहिलं, कारण परवा तू बाबांना फोनवर सांगितलंस की रुपीनं लेखी माफी मागितल्याशिवाय मी कुरवंड्यात पाय ठेवणार नाही. (फोन स्पीकरवर होता. आमच्याकडे तो स्पीकरवरच असतो, कारण बाबांना वाटतं कानाला लावला की बिल जास्त येतं. त्यामुळे तुझं म्हणणं आईनं ऐकलं, मी ऐकलं आणि दळण घेऊन चाललेल्या दोन बायकांनी थांबून ऐकलं.) तू लेखी मागितलंस म्हणून हे लिहिते आहे. लेखी आहे, माफी नाही. पाकीट उघडून तू माफी शोधत बसशील आणि चष्मा पुसशील, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

झाल्या प्रकाराचा वृत्तान्त तुला आळीतल्या गेणूआबांच्या घरून पोचलाय, आणि त्यांच्या घरून निघालेल्या बातमीला तुमचं देहूरोड येईपर्यंत शिंगं फुटतात. तेव्हा मी मुळापासून सांगते. नॉर्वेच्या एका विद्यापीठानं मला दरडींच्या अभ्यासासाठी घेतलंय हे तुला माहीत आहे. (हे कळवलं तेव्हा तू ‘तितं थंडी लय असंल’ एवढंच म्हणालीस आणि जिऱ्याच्या भावावर गेलीस.) तिथला दोन वर्षांचा खर्च बाबांच्या तीन जन्मांत निघायचा नाही. पुण्यातली एक संस्था तो देते, पण वर्षाला फक्त चार मुलांना. शिष्यवृत्ती मिळाली तर मी ऑगस्टमध्ये जाणार, नाही मिळाली तर नागफणीच्या कड्यावर मुंबईच्या लोकांना वाट दाखवत म्हातारी होणार. इतकं सरळ गणित आहे.

तर या संस्थेच्या अर्जात एक पान निबंधाचं होतं. ‘स्वतःविषयी पाचशे शब्दांत लिहा. लेखन प्रामाणिक, आत्मविश्वासपूर्ण व नम्र असावे.’ आता तूच सांग, आपल्याकडे ही तिन्ही एका ताटात कुणी वाढलीत का? आपल्याकडे प्रामाणिक माणसाला भोळा म्हणतात, आत्मविश्वास असणाऱ्याला आगाऊ म्हणतात, आणि नम्र माणसाला कुणी काही म्हणतच नाही, कारण तो पार मागच्या सतरंजीवर चपलांपाशी बसलेला असतो. मी त्या ओळीकडे दोन दिवस बघत होते. मग माझ्याकडून चूक झाली. मी सल्ला विचारला.

पहिल्यांदा गेले कॉलेजातल्या सुहास सरांकडे. माणूस देवासारखा आहे, पण बावीस वर्षं मुलांचे अर्ज लिहून लिहून सरांच्या पेनाला एकच रस्ता ठाऊक झालाय. ‘मी एका गरीब कुटुंबातील होतकरू विद्यार्थिनी असून’ इथून तो निघतो आणि ‘कृपाळू होऊन सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ इथे जाऊन थांबतो. ‘गरीब व होतकरू’ हे शब्द सर एका दमात म्हणतात, जसं कुणाचं नाव आणि आडनाव असावं. त्यांच्या मसुद्यात ‘नम्र’ हा शब्द नऊ वेळा होता. (मोजले.) मी भीत भीत विचारलं की सर, मी विद्यापीठात तिसरी आले ते यात कुठे दिसत नाही. सर म्हणाले, दुसऱ्या परिच्छेदात ‘थोडेफार यश’ असं लिहिलंय ना, त्यात ते आलं.

तो मसुदा मी सत्यमदादाला पाठवला. त्यानं आधी व्हॉट्सअॅपवर हसणारी सात तोंडं पाठवली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा मसुदा पाठवला. तुझ्या मुलाला माझ्याबद्दल इतका आदर आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याच्या मसुद्यात मी ‘सह्याद्रीची कन्या’ होते, ‘जन्मजात नेतृत्व’ होते, आणि मी ‘असंख्य पर्यटकांचे प्राण’ वाचवले होते. आत्या, मी आजवर एकदा, फक्त एकदा, एका पर्यटकाचा बूट दरीच्या कडेवरून काठीनं ओढून वर आणलाय. दादाच्या मसुद्यात त्या बुटात माणूस होता. मी फोन करून म्हटलं की दादा, हे खोटं आहे. तो म्हणाला, हे खोटं नाही, याला प्रेझेंटेशन म्हणतात, आमच्या ऑफिसात सगळे असंच लिहितात. (तेव्हा त्याच्या नव्या ऑफिसची खुशाली विचारली आहे ती जरा काळजीपोटीच.)

आणि मग तू. तू आपणहून फोन केलास आणि म्हणालीस, (शब्द तुझेच आहेत, मी वहीत उतरवून ठेवलेत) “रुपे, त्या लोकास्नी वाचून रडाया आलं पायजे. आपली पायरी वळकून ऱ्हायचं, हात जोडायचं, मिळंल त्ये घ्यायचं. तितं शानपना न्हाई दावायचा.” तू सांगितलंस की घर कौलारू लिही. घराला स्लॅब पडून सहा वर्षं झाली आणि स्लॅबच्या जेवणाला तू दोनदा शिरा मागून घेतला होतास. तू सांगितलंस की बाप अंथरुणाला खिळलाय असं लिही. तू हे सांगत होतीस तेव्हा तो बाप त्याच स्लॅबवर चढून टाकी घासत होता आणि वरून ओरडत होता की आक्का म्हणती तसं कर.

मला तुझा राग आला, आत्या. मी तो तेव्हा बोलले नाही म्हणून आता लिहिते. माझे पणजोबा पाटलाच्या दारात कमरेत वाकून जोहार घालायचे आणि छप्पन्न सालानंतर त्यांनी तो घालायचा बंद केला, त्याच दारात ताठ उभं राहून जय भीम घातला, त्यापायी वर्षभर गावात त्यांना कुणी काम दिलं नाही, हे मला कुणी सांगितलं? तू. मी सहा वर्षांची असल्यापासून, मला मांडीवर घेऊन, दर चौदा एप्रिलला, डोळ्यांत पाणी आणून. मग माझ्या अर्जात ‘कृपाळू होऊन’ कुठून आलं? पणजोबांनी सरळ केलेली कमर मी पाचशे शब्दांसाठी पुन्हा वाकवायची का? मी तिसरी आले आहे. मला कुणी कृपा म्हणून नंबर दिलेला नाही, पेपर मी लिहिलेत.

तेव्हा मी तिन्ही मसुदे बाजूला ठेवले आणि निबंध माझा मीच लिहिला. मंगळवार-बुधवारी पर्यटक नसतात, त्या दुपारी बसून लिहिला. पहिलं वाक्य लिहिलं, ‘मी हुशार आहे.’ लिहिलं आणि पंखा चालू असून घाम आला. मागे वळून बघितलं, कुणी वाचत तर नाही ना. आपल्याकडे पोरीनं स्वतःच्या हातानं असं लिहिणं म्हणजे भर रस्त्यात डोक्यावरचा हंडा उतरवून नाचण्यापैकी आहे. पण नुसतं म्हणून थांबले नाही, पुढे पुरावा दिला. नागफणीच्या खालच्या वाटेवर कड्याला जी भेग आहे, तिच्या दोन्ही अंगांना मी लाल नेलपॉलिशचे ठिपके लावले होते आणि दोन पावसाळे दर रविवारी फूटपट्टीनं त्यांच्यातलं अंतर मोजलं. दुसऱ्या पावसाळ्यात ते नऊ मिलिमीटरनं वाढलं. मी गावात जाणत्या माणसांना सांगितलं की ही वाट बंद करा. त्यांनी मला चहा पाजला. मग मीच करवंदीच्या फांद्या टाकून वाट अडवली आणि माझे पर्यटक वरच्या अंगानं न्यायला लागले. अकराव्या दिवशी दरड खाली आली. वाटेवर कुणी नव्हतं. हे सगळं मी ‘माझ्या अल्पमतीनुसार’ न म्हणता लिहिलं. मती अल्प असती तर ठिपके कशाला लावले असते?

मग प्रामाणिकपणा. दुसऱ्या वर्षाला गणितात एकदा नापास झाले होते, ते लिहिलं. (तू तेव्हा सगळ्यांना कावीळ सांगितली होतीस. कावीळ लिहिली नाही.) चार वर्षं रोज पर्यटकांशी खोटं बोलते हेही लिहिलं. चाळीस मिनिटांची चढण बाकी असते, ती माणसं धापा टाकत विचारतात अजून किती, आणि मी म्हणते दहाच मिनिटं. खरं सांगितलं तर ती तिथेच बसतील आणि बिस्किटं संपवतील. आणि घराबद्दल लिहिलं की आम्ही पूर्वी गरीब होतो, आता तितके नाही, घराला स्लॅब आहे, स्कूटी आहे, फ्रीज आहे. फ्रीज मी वाट दाखवण्याच्या कमाईतून घेतला आणि त्याचा मला अभिमान आहे, पण फ्रीज विकून नॉर्वे होत नाही. शेवटी नम्रता. मला दगडावरची भेग वाचता येते, पण तो दगड कधी पडणार ते सांगता येत नाही, अकरा दिवस हा माझा अंदाज नव्हता, ते नशीब होतं, आणि मला नशिबावर माणसं न्यायची नाहीत म्हणून शिकायचंय. ही नम्रता बघ आत्या, हात न जोडताही लिहिता येते.

निबंध कुणालाही न दाखवता मी पाठवून दिला. इथे माझं चुकलं, हे मान्य करते. घरात कुणाला कल्पनाच नव्हती की मी फ्रीज लिहिलाय. सगळे समजत होते की मी तुझं ऐकलं.

आता आळीची पद्धत. ती तुला मी काय सांगणार, गेणूआबा म्हणतात की ती तूच घालून दिलीस. कुठल्याही यादीवाले यायचे असले, दारिद्र्यरेषेचे असोत की रेशनचे, की आळीतल्या सगळ्या वस्तू गेणूआबांच्या गोठ्यात जातात. गेणूआबांचा मुलगा लष्करात असल्यामुळे त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही, त्यामुळे त्यांना लपवण्यासारखं काही नाही, आणि म्हणून सगळ्यांचं लपवायला ते मोकळे आहेत. चार माणसं, एक वासा, दोन दोर, अर्धा तास. मागच्या सर्वेक्षणाला त्या गोठ्यात सात टीव्ही होते आणि म्हशीनं दोन दिवस दूध चोरलं. याला मी हसत नाही. घरात फ्रीज दिसला की माणसांची पोटं भरली असं समजणाऱ्या याद्या असतील तर फ्रीजनं गोठ्यात जावं हे मला समजतं. त्या यादीवाल्यांशी आळी खोटं बोलते, ते मी कधी कुणाला सांगितलं नाही आणि सांगणार नाही. पण ही यादी नव्हती, आत्या. हा माझा निबंध होता.

संस्थेचा फोन आईनं घेतला. ज्योत्स्ना मॅडम म्हणून कुणी शनिवारी घर बघायला येणार. आईनं तुला विचारलं, तू हुकूम सोडलास, “फ्रीज हलवा. आन् रुपीला सांगू नका, ती फाटे फोडंल.” आठ दिवसांपूर्वीच्या त्या शनिवारी सकाळी मी, यातलं काही ठाऊक नसताना, मुंबईच्या एका ऑफिसातले चौदा लोक घेऊन नागफणीवर होते. साडेअकराला खाली आले तर मला स्वतःचं घर ओळखू येईना. फ्रीजच्या जागी फरशीचा एक चौकोन लख्ख पांढरा आणि त्यावर एक कांदा. टीव्हीच्या जागी खिळा. गॅस गेलेला, अंगणात तीन दगडांवर चूल, आणि आई फुंकर मारून मारून एवढा धूर करून बसलेली की खरंच रडत होती. खुर्च्यासुद्धा नेल्या होत्या, त्यामुळे पुण्याहून आलेल्या मॅडम पालथ्या घमेल्यावर बसलेल्या. आणि बाबा खाटेवर घोंगडी पांघरून पडलेले. मे महिना आहे, आत्या. त्यांच्या कपाळावरून घाम असा वाहत होता की मॅडमना ते खरोखरच आजारी वाटले असणार, आणि अजून अर्धा तास गेला असता तर पडलेच असते.

मॅडमच्या हातात माझा निबंध होता, छापून आणलेला, आणि पेन्सिल. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाल्या, “रुपाली, तुझ्या निबंधात फ्रीज आहे.” मी तोंड उघडायच्या आत घोंगडीतून बाबा बोलले, “फ्रीज कुटला वो मॅडम आमच्याकडं. एक माठ हाय, त्यो बी चिरलेला.” मॅडम म्हणाल्या की स्कूटीही लिहिली आहे. आई डोळे पुसत आत आली आणि म्हणाली, “पोरीला मोठं बोलायची सवय हाय. तुमी मनाव घिऊ नका.” मॅडमनी वर बघितलं. स्लॅब तेवढा गेणूआबांच्या गोठ्यात मावला नव्हता. बाबांनी त्यांची नजर पकडली आणि म्हणाले, “स्लॅब बी भाड्याचा हाय.”

मॅडमनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं, एका ओळीपेक्षा बरंच जास्त. मग म्हणाल्या की आहे त्यापेक्षा वाईट परिस्थिती सांगणारे अर्ज मी पुष्कळ बघितले, आहे त्यापेक्षा चांगली सांगणारी तू पहिलीच, पण खोटं ते खोटंच, आणि फ्रीज खोटा असेल तर ती दरडसुद्धा खरी कशावरून? आणि फाईल मिटली. आत्या, मी जन्मात पहिल्यांदा कागदावर सगळं खरं लिहिलं होतं आणि माझ्याच घरानं, माझ्याच आईबापानं, जीव तोडून ते खोटं पाडलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक असतात हे ऐकलं होतं. आमच्याकडे मी भांडं घेऊन उभी होते आणि ते घरच्यांनी काढून नेलं होतं.

मी मॅडमचा हात धरला. (धरला म्हणजे धरलाच, त्यांची पेन्सिल पडली.) आणि त्यांना गेणूआबांच्या गोठ्याकडे चालवत नेलं. मागून बाबा घोंगडीसकट उठून पळत आले, त्यामुळे त्यांचा आजार तिथेच बरा झाला. दारात गेणूआबा हात आडवा लावून उभे. म्हणाले, “हितं काय न्हाई, बाय. आत जनावर आजारी हाय.” तेवढ्यात आतून धडधड करून आमच्या फ्रीजचं मशीन सुरू झालं. गेणूआबांनी तो नुसता लपवला नव्हता, वायर लावून चालू केला होता, कारण त्यांच्या घरी पाव्हणे होते आणि बर्फ लागणार होता. मॅडम म्हणाल्या, “जनावर बरंच मोठं दिसतंय.” आणि हाताखालून वाकून आत गेल्या.

आत फक्त आमचं सामान असतं तर गोष्ट वेगळी होती. पण हातात फाईल घेतलेली बाई आळीत शिरली म्हटल्यावर आळी काय विचारत बसते की ही बाई कसली? सगळ्यांनी सवयीनं सगळं नेऊन ठेवलं होतं. पाच फ्रीज, सहा टीव्ही, तीन मिक्सर, एक कपडे धुण्याचं मशीन आणि त्यावर अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी. मॅडम त्या सगळ्यांमधून हिंडल्या आणि म्हणाल्या, यातला तुमचा कोणता? मी आमच्या फ्रीजच्या मागे चिकटवलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली. तीत दुकानाचं बिल होतं, रुपाली महिपती ओव्हाळ या नावाचं. मग दार उघडून दाखवलं. आईचं लोणचं होतं, गेणूआबांच्या म्हशीचं इंजेक्शन होतं, आणि दाराच्या कप्प्यात लाल नेलपॉलिशच्या तीन बाटल्या, त्यांवर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या, ‘भेग क्र. १’, ‘भेग क्र. २’, ‘भेग क्र. ३’. मॅडमनी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. मग म्हणाल्या, भेग दाखव. किती लांब आहे? मी म्हटलं, पंचेचाळीस मिनिटं, शेवटचा चढ खडा आहे आणि तुमच्या पायात चपला आहेत. त्या म्हणाल्या, चल. आणि आल्या, आत्या. चपला हातात घेऊन, दोनदा बसून, आल्या. पहिली भेग दरडीबरोबर गेली, पण दुसरीचे ठिपके बघितले, माझी फूटपट्टी मागून स्वतः अंतर मोजलं, आणि खाली येईपर्यंत तीन प्रश्न असे विचारले की त्यातल्या दोनांचं उत्तर मला आलं नाही. मी सरळ ‘माहीत नाही’ म्हटलं. निकाल येत्या शनिवारी आहे.

तेव्हापासून आळीत माझ्याशी कुणी बोलत नाही. आता ही बाई सगळ्यांची नावं यादीतून काढणार असं त्यांनी ठरवून टाकलंय. ती बाई सरकारी नाही, तिला यादीशी घेणंदेणं नाही, तिनं कुणाचं नावसुद्धा विचारलं नाही, हे मी दारोदार जाऊन सांगितलं. गेणूआबा म्हणाले, सगळे असंच म्हणतात. बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात, तेही एका खोलीत बसून. आणि वरून तुझा निरोप की लेखी माफी माग. कशाची मागू? आळीला माझ्यामुळे घोर लागला याचं मला वाईट वाटतं, मनापासून वाटतं, ते मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. कोंबडीची अंडी गार झाली, तिची माफी मागायला तयार आहे. पण मी हुशार आहे असं लिहिलं, आमच्या घरी फ्रीज आहे असं लिहिलं आणि ते खरं आहे हे हाताला धरून दाखवलं, याची माफी मी मागणार नाही. लेखी नाही, तोंडी नाही, आणि शिष्यवृत्ती गेली तरी नाही. पायरी ओळखून राहा म्हणतेस. ओळखली. मला तिच्या वरच्या पायरीवर जायचं आहे.

मामांना जय भीम सांग, दादाला सांग की बूट अजून माझ्याकडे आहे, हवा असल्यास त्यात माणूस घालून पाठवते. गुडघ्याला तेल लाव. रागावली असलीस तरी लाव.

तुझी, आज्ञाधारक नसलेली,
रुपाली

ता. क. हे पत्र आई तुला पाठवते आहे त्या इंद्रायणी तांदळाच्या पिशवीत वर ठेवते आहे. टपालानं पाठवलं असतं तर तू रागानं उघडलं नसतंस. तांदूळ तू आल्या आल्या उघडून वास घेणार हे मला माहीत आहे.

ता. क. दुसरा. वर मी लिहिलंय की कागदावर सगळं खरं लिहिलं. तसं नाही. एक वाक्य खोटं आहे. अर्जात शेवटचा एक वेगळा प्रश्न होता, ‘घरापासून दूर जाताना तुमच्या पाठीशी कोण आहे?’ ती जागा मी तीन दिवस कोरी ठेवली होती. बाबांना विचारलं तर म्हणाले आक्काला इचार. आईला विचारलं तर म्हणाली बाबाला इचार. तुला कळवलं तर तू थंडीचं बोललीस. शेवटी मी लिहिलं, ‘माझी आत्या लीला. आजी गेल्यावर माझ्या वडिलांना वाढवायला तिनं एकोणिसाव्या वर्षी कॉलेज सोडून नोकरी धरली. ती मला म्हणाली, जा पोरी, आम्ही आहोत.’ पहिली दोन वाक्यं खरी आहेत. तिसरं तू कधी म्हणाली नाहीस.

ता. क. तिसरा. मॅडमनी त्याच वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आहे आणि येत्या गुरुवारी अकरा वाजता त्या तुला फोन करून विचारणार आहेत. त्यांच्याशी माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, आत्या. आता मला कुणाचंच खोटं नको. तू म्हणाली नसशील तर नाही म्हणालीस म्हणून सांग, जे व्हायचं ते होईल. पण गुरुवारच्या आधी कधी एकदा मला फोन करून तेवढं म्हणता आलं तर बघ. मनात असेल तरच. शिष्यवृत्तीसाठी नको, मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं म्हणूनच ते लिहिलं गेलं. नागफणीवर फोन लागत नाही, म्हणून या आठवड्यातले दोन्ही ग्रुप मी रद्द केलेत. घरीच आहे.